जहाजमालकाचं भाषण

तो इंग्रजी सिनेमा मराठीत आणायला मंजुषाला पंधरा दिवस लागले. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जी लढाई झाली, तिच्यावरचा तो सिनेमा होता. एक खासदार दरवर्षी तेच विधेयक मांडतो, दरवर्षी हरतो, आजारी पडतो, पुन्हा उभा राहतो. मंजुषाचा नवरा महेश नाशकात एक फिल्म क्लब चालवायचा. २००७ साल होतं, त्या कायद्याला दोनशे वर्षं झाली होती. शहरातल्या नेहमीच्या चाळीस माणसांना दाखवण्यापेक्षा हा सिनेमा गावात दाखवू, असं त्याने ठरवलं. गाव म्हणजे मंजुषाचं माहेर, मखमलाबाद. सिनेमाचा आवाज बारीक ठेवायचा आणि मंजुषाने पडद्याशेजारी बसून माइकवरून सगळी बोलणी मराठीत म्हणायची, अशी योजना होती.

मंजुषा कॉलेजात इंग्रजी शिकवायची, तरी जागोजागी अडत होती. जहाजाच्या तळात माणसं 'ठेवली' म्हणायचं, 'रचली' म्हणायचं की 'कोंबली', यावर तिचे दोन दिवस गेले. मात्र एका जहाजमालकाचं भाषण तिने एका दमात लिहून काढलं. विधेयक हाणून पाडायला तो भर सभेत उभा राहतो आणि काळजाला हात घालील असं बोलतो. ते मराठीत इतकं सहज उतरलं की तिने दुसऱ्यांदा वाचलंही नाही.

कार्यक्रम रविवारी दुपारी, शाळेच्या हॉलमध्ये झाला. पितृपक्ष चालू होता, फुलांची तोडणी थोडी सैल होती, त्यामुळे माणसं जमली. पहिल्या रांगेत मधोमध मंजुषाचे वडील, खंडेराव. गाव त्यांना अण्णा म्हणायचं. झेंडू-गुलाबाचा मोठा मळा, दहा वर्षं सरपंचकी, आणि अजूनही गावात कोणाचा बांधाचा वाद झाला की लोक आधी त्यांच्या ओट्यावर यायचे. त्यांच्या शेजारी मंजुषाची आई, कलाबाई. मागे बायकांच्या घोळक्यात खिडकीशी कुसाबाई बसली होती.

कुसाबाई बेचाळीस वर्षांची. मळ्यातल्या घरी ती कधी आली हे मंजुषाला आठवण्याचं कारणच नव्हतं, कारण मंजुषाच्या जन्माआधीच ती तिथे होती. मंजुषाला अंघोळ घालणारी, शाळेत सोडणारी, पहाटे फुलं तोडणारी, गुरांचं करणारी, चूल सांभाळणारी. मंजुषा तिला कुसाक्का म्हणायची. ती पेठकडची, आदिवासी. दुष्काळात आईबापांनी टाकलेली, अण्णांनी सांभाळलेली. घरात एवढंच माहीत होतं, आणि त्यापुढे कोणी काही विचारलं नव्हतं.

महेशने सुरुवातीला थोडक्यात सांगितलं. हा व्यापार आपल्यापासून फार लांबचा नव्हता. एकोणिसाव्या शतकात समुद्रात जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेची मुलं आपल्या नाशकातच, शरणपूरला आणून ठेवली होती. लोक एकमेकांकडे बघायला लागले. शरणपूर रस्त्याने सगळेच रोज जात होते.

मग सिनेमा सुरू झाला. जहाजाच्या तळाचं चित्र पडद्यावर आलं, त्यात शेजारी शेजारी आखलेली माणसं दिसली, तेव्हा हॉलमध्ये कोणी हललं नाही. लोकांनी गुलामांच्या हातची साखर खायची सोडली, तेव्हा खंडेरावांनी मान डोलावून शेजाऱ्याला म्हटलं, "याला म्हणतात माणूस." विधेयक पहिल्यांदा हरलं तेव्हा बायकांमधून हळहळ ऐकू आली. मंजुषाला आवाज सापडला होता. आणि जहाजमालक बोलायला उभा राहिला.

तिने वाचायला सुरुवात केली. "आम्ही त्यांना आणलं नसतं तर ती तिकडं उपाशी मेली असती. आमच्याकडं दोन टाईम खात्यात. अंगभर कपडा हाय. आम्ही कधी परकं मानलं नाय, घरच्यासारखी ऱ्हात्यात. आणि तुम्हाला खोटं वाटत असंल तर त्यांनाच इचारा, जायचंय का माघारी."

तिच्या लक्षात आलं ते हॉल हसला म्हणून. हसण्यासारखं काही नव्हतं. मग तिसऱ्या रांगेतून शेजारच्या मळ्यातल्या लताबाईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला. त्या बोलल्या साध्याच सुरात, कोणाला टोचायचं म्हणून नव्हे.

"अगं, हे तर आपले अण्णाच बोलत्यात."

हसणं बंद झालं. पडद्यावर जहाजमालकाचं तोंड हलत होतं, पण मंजुषाच्या हातातला कागद पुढे सरकेना. तिने त्यावर पुन्हा वरून नजर टाकली. 'इंग्लंडचा मोठा व्यापारी' असं शेजारी तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, आणि त्याच्यापुढे 'टाईम', 'हाय', 'ऱ्हात्यात'. बाकी सगळ्या खासदारांना तिने पुस्तकी मराठी दिली होती. या एकालाच मखमलाबादची दिली होती, आणि लिहिताना तिला ते कळलंही नव्हतं. पाहुणे आले, कुसाबाईने चहा आणून ठेवला, की अण्णा ही वाक्यं याच क्रमाने म्हणायचे. तिने शेकडो वेळा ऐकली होती.

तिने मान वर केली. बायका वळून खिडकीकडे बघत होत्या. कुसाबाई पडद्याकडे बघत होती.

महेशने मागून खूण केली तेव्हा मंजुषाने उरलेला सिनेमा कसाबसा वाचून काढला. शेवटी कायदा झाला, सभागृह उभं राहिलं, पण टाळ्या दोन-चारच वाजल्या. खंडेराव सत्काराचा हार न घेताच निघून गेले.

मंजुषा घरी पोहोचली तेव्हा ते ओट्यावर बसले होते. कलाबाई दारात उभी होती.

"मला गावासमोर नागवं करायचं होतं तर आधी सांगायचं," खंडेराव म्हणाले. "मी आलोच नसतो."

"अण्णा, मी मुद्दाम नाही केलं. माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं."

"एवढी शिकलीस आणि लक्षात आलं नाय?"

"नाही आलं."

ते तिच्याकडे बघत राहिले. तिचं खरं आहे हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांचा राग दुसऱ्या वाटेने बाहेर पडला. "बरं, मग ऐक. काय पाप केलं मी? बहात्तरचा दुष्काळ. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी वडपाड्याला गेलो होतो, बैलांचा चारा बघायला. लोक कंद उकडून खात होते. हिचा बाप बुधा, दोन पोरं, बायको मेलेली. मला म्हणाला, एक घेऊन जा, नायतर दोन्ही मरत्याल. मी त्याला दोन पोती मिलो दिला, तांबडी ज्वारी, आपल्याकडं तेव्हा तीच होती. आणि पोरीला गाडीत बसवलं. आठ वर्षांची व्हती. ती जगली, तो पोरगाबी जगला. यात गुलामी कुठं आली?"

मंजुषाला पहिल्यांदा फक्त 'दोन पोती' एवढंच ऐकू आलं.

"दोन पोती देऊन?"

"देऊन म्हणजे? मदत केली मी."

"मदत केली तर पोरगी कशाला आणली, अण्णा?"

 हा प्रश्न त्यांना चौतीस वर्षांत कोणी विचारला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आतून कुसाबाई आली, ओट्यावरचा तांब्या भरून ठेवला आणि परत गेली. ती सगळं ऐकत होती. या घरात तिच्याबद्दलचं बोलणं तिच्यासमोरच होत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंजुषा सासरी गेली नाही. सकाळी ती झेंडूच्या वाफ्यात गेली. कुसाबाई कमरेला ओटी बांधून फुलं तोडत होती. मंजुषाही तोडायला लागली. 

"कुसाक्का, माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं? तू वाचलं." ती पुढच्या झाडाकडे सरकली. "ती गुलामं बोलतच नाय गं त्या सिनेमात. येवढी मोठी सभा भांडती त्यांच्यासाठी, आणि ती उभी नुसती. मला वाटलं, आता एखादं बोलंल."

मंजुषाने हातातली फुलं टोपलीत टाकली.

"आपल्याकडंबी आला व्हता कायदा," कुसाबाई म्हणाली. "मी अकरा-बारा वर्षांची असंल. तालुक्याचं साहेब आलं व्हतं जीपमधून. गावात कोणी वेठबिगार हाय का, ते लिहून न्यायला. अण्णा सरपंच. साहेब ओट्यावर बसले, मी चहा घेऊन गेले. साहेब म्हणाले, ही कोण? अण्णा म्हणाले, माझी भाची. मग साहेबांनी लिहिलं, गावात एकबी नाय, आणि अण्णांनी सही केली."

मंजुषा तिच्याकडे वळली.

"तुला काय वाटलं तेव्हा?"

"मला लय बरं वाटलं," कुसाबाई म्हणाली. "भाची म्हणाले ना. मी दोन-तीन दिवस वाटच बघत व्हते, आता मला शाळेत घालत्याल म्हणून. आपल्या घरी तुझ्या आत्याच्या पोरी यायच्या, त्यांना नवं परकर मिळायचं. मला वाटलं, साहेबांसमोर बोलले म्हणजे आता ते झालं." तिने ओटीतली फुलं टोपलीत ओतली. "मग कळलं, ते तेवढ्यापुरतं व्हतं."

हे तिने अशा आवाजात सांगितलं की जणू पाऊस कधी आला ते सांगतेय. मंजुषा वाफ्यातच खाली बसली. कॉलेजात ती मुलांना हक्क, कायदा, माणुसकी यावर निबंध लिहायला लावायची. आणि ती शाळेत जात होती, तेव्हा तिचं दप्तर धरून जी फाटकापर्यंत यायची आणि तिथूनच परत फिरायची, तिलाही आत यायचं होतं हे मंजुषाला आज कळत होतं.

"तू कधी गावाला का नाही गेलीस गं?"

"कोणाकडं जाऊ? दिली म्हणजे दिली. बाप एकदासुद्धा आला नाय बघायला." कुसाबाईचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "सुरवातीला मी रोज रस्त्याकडं बघायचे. मग सोडलं. त्यांनी टाकलं तर मी का जाऊ तोंड घेऊन?" थोडं थांबून ती म्हणाली, "पण एकदा बघायचंय. तू नेशील?"

दसरा-दिवाळीत झेंडूच्या मळ्यातून कोणाला उसंत मिळत नाही. दिवाळी झाल्यावर एका गुरुवारी मंजुषाने महेशची गाडी काढली. खंडेरावांना सांगितलं तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, "कशाला जुनं उकरता?" 

नाशिकहून पेठ म्हणजे दीड तासाचा रस्ता. सावळ घाट उतरताना कुसाबाईने काच खाली केली आणि परत वर केली नाही. करंजाळीच्या पुढे डावीकडे फाटा होता. वडपाडा पंधरा-वीस घरांचा. नागलीचं खळं चालू होतं, कणसं झोडपायचा आवाज लांबून येत होता. मंजुषाने एका म्हाताऱ्याला विचारलं, बुधाचं घर कुठलं. तो म्हणाला, बुधा जाऊन वीस वर्षं झाली, त्याचा मुलगा सोमा तिकडे खळ्यावर आहे.

सोमा चाळिशीच्या आतला, हाडापेराने बारीक. तो खळ्यातून हात झटकत आला, दोन शहरी बायका बघून जरा थांबला, मग त्याची नजर कुसाबाईच्या कपाळावर गेली. तिथे लहानपणी विळा लागल्याची खूण होती; बाप तिच्याबद्दल सांगताना ती खूण नेहमी सांगायचा.

"पोसी," तो म्हणाला.

पोसी म्हणजे मुलगी. तिकडच्या आदिवासींच्या कोकणी बोलीत लेकीला असंच हाक मारतात. बाप तिला याच नावाने हाक मारायचा. कुसाबाईला हा शब्द ऐकून चौतीस वर्षं झाली होती. तिने सोमाचा हात धरला आणि दोघं तिथेच, तुसाच्या ढिगाशी खाली बसली. सोमा त्याच्या बोलीत भराभर बोलत होता. कुसाबाईला सगळं कळत होतं, पण उत्तर द्यायला गेली की तोंडून मखमलाबादची मराठी यायची. मंजुषा बाजूला उभी राहून रडली, आणि आपण आणलं हे किती बरं झालं असं तिला त्या क्षणी वाटलं.

सोमाच्या बायकोने चहा आणला. मग कुसाबाईने विचारलं, आणि तिला हे किती दिवस विचारायचं होतं ते तिच्या आवाजात कळलं.

"बाप मला विसरला का रे?"

सोमाने कप खाली ठेवला. आता तो मंजुषाला कळेल अशा मराठीत बोलत होता. "विसरला? दोन खेपा आला तो तुला न्यायला."

"कुठं आला?"

"तुमच्या मळ्यावर. पहिल्या खेपेला पाऊस चांगला झाला, भात पिकलं, तेव्हा. दोन पोत्यांच्या बदली दोन पोती भात घेऊन गेला बैलगाडीत. मालक म्हणाला, पोरगी यायला नाय म्हणती. इथं सुखात हाय, तुझ्याकडं यायचं नाय तिला. बाप भात तिथंच ठेवून आला."

कुसाबाई त्याच्याजवळ सरकली.

"दुसऱ्या खेपेला मीबी होतो. सहा वर्षांचा असेन. आम्ही दोन दिवस चालत गेलो. मालक परत तेच म्हणाला. मग बाप मला घेऊन बांधाच्या पलीकडं, बाभळीखाली बसला. तू फुलांत होतीस. तुझ्या कडेवर एक पोर होतं, गोरं, अंगात लाल झबलं. मी हाक मारणार होतो. बापाने माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाला, नको. तिला यायचं नाय, उगा तिला तरास. आम्ही दिवस कलेपर्यंत बसलो, मग निघालो. रस्ताभर तो बोलला नाय."

खळ्यावरचं झोडपणं चालू होतं.  ते लाल झबलं मंजुषाने फोटोत पाहिलेलं होतं. आईने पेटीत जपून ठेवलेलं होतं.

कुसाबाईने सोमाकडे बघितलं, मग मंजुषाकडे.

"ते पोर ही," ती म्हणाली.

सोमा मंजुषाकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मंजुषाला सोपं गेलं असतं.

"मला कोणी इचारलंच नाय," कुसाबाई म्हणाली. ती एकदा सोमाला म्हणाली, एकदा मंजुषाला, आणि मग कोणालाच नाही, नुसतीच. "मी नाय म्हणलेच नव्हते. मला इचारलंच नाय कुणी."

 निघताना मंजुषाला तिला तिथेच राहा म्हणावंसं वाटत होतं, पण कुसाबाईनेच सांगितलं, "मला माघारी ने. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

घरी आल्या तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. खंडेराव ओट्यावर होते, कलाबाई गव्हातले खडे काढत होती. कुसाबाई आत गेली नाही. ती पायरीपाशी उभी राहिली. या घराच्या पायरीवर ती अशी उभी कधी राहिली नव्हती, कारण तिला कायम आत काम असायचं.

"माझा बाप आला होता?"

खंडेरावांनी मंजुषाकडे बघितलं.

"तिच्याकडं नका बघू. मी इचारते."

"आला होता," खंडेराव म्हणाले.

"दोनदा?"

"दोनदा."

"तुम्ही काय सांगितलं?"

 खंडेरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. साठी केव्हाच उलटलेला माणूस, गावाचे वाद मिटवणारा, त्याला एक साधं वाक्य उच्चारता येत नव्हतं. मंजुषाला वाटलं, ते नाही म्हणतील, सोमाच खोटं बोलतोय असं म्हणतील. तिने मनातल्या मनात तशी इच्छाही केली, आणि तिची तिलाच किळस आली.

"मी सांगायला लावलं," कलाबाई म्हणाली. तिने सूप खाली ठेवलं होतं. "मंजू चार महिन्यांची होती. मला अंगावरचं दुखणं, उठता येत नव्हतं. सासू भांडून नाशकात दिराकडं गेलेली. कुसा गेली असती तर पोर मेलं असतं माझं. मी म्हणाले, काहीबी सांगा, पण तिला पाठवू नका."

"आणि दुसऱ्या खेपेला?" मंजुषाने विचारलं. "तेव्हा मी चालत असेन, आई."

कलाबाईने सूप पुन्हा उचललं. दुसऱ्या खेपेला तसं काहीच कारण नव्हतं. सवय झाली होती, एवढंच.

"दोन पोती भात ठेवून गेला तो," कुसाबाई म्हणाली. "त्याचं काय केलं?"

"खाल्लं," खंडेराव म्हणाले.

कुसाबाईच्या तोंडून एक आवाज निघाला, हसल्यासारखा. तिनेही तोच भात खाल्ला होता. तिनेच शिजवला होता.

ती त्या दिवसापासून चुलीपाशी गेली नाही. आठ दिवस ती फुलांच्या खोपटातच राहिली. मंजुषा तिथे तिला डबा नेऊन द्यायची, आणि ती जेवायची. नवव्या दिवशी तिने निरोप दिला. तिला फार काही नको होतं. अण्णांनी वडपाड्याला यावं, सोमाच्या आणि पाड्याच्या माणसांसमोर उभं राहावं, आणि पोरगी यायला नाही म्हणाली हे आपण खोटं सांगितलं, असं स्वतःच्या तोंडाने सांगावं.

"पाड्यात ते आजूनबी असंच बोलत्यात," ती मंजुषाला म्हणाली, "की बुधाची पोरगी शहराला भुलली, बापाला नाय म्हणाली. बाप तेच धरून मेला. ते मला पुसायचंय."

खंडेराव म्हणाले, जमणार नाही. चूक झाली म्हणतो, इथं म्हणतो, तिच्या पाया पडतो, पण तिथं जाणार नाही. मंजुषा त्यांच्याशी भांडली नाही. ती फक्त म्हणाली, "अण्णा, तुम्ही सिनेमात मान डोलावत होता. मी बघत होते." आणि घरातून निघाली. नंतर तीन आठवडे ती माहेरी आली नाही, फोन घेतला नाही; कुसाबाईचा डबा महेश नेऊन द्यायचा. महेशने कलाबाईकडून ऐकलं की अण्णा जेवत नाहीत, ओट्यावर येणाऱ्या माणसांना परत पाठवतात. मंजुषाला वाईट वाटलं, तरी ती गेली नाही.

मार्गशीर्षात एका सकाळी खंडेराव स्वतःच शहरात तिच्या दारात उभे राहिले. पांढरा सदरा, डोक्याला टोपी. "गाडी काढ," ते म्हणाले. "कुसा बसली हाय रिक्षात."

वडपाड्यात सोमाने माणसं बोलावून ठेवली होती. वीस-पंचवीस असतील, वडाच्या पारावर. खंडेराव उभे राहिले. भाषणं त्यांनी पुष्कळ केली होती, त्यामुळे सुरुवात सवयीने झाली. तो काळ कठीण होता, माणसाच्या हातून कळत नकळत चूक होते, असं ते बोलायला लागले. कुसाबाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली होती.

"चूक नाय," ती म्हणाली. "काय बोलला व्हता ते सांगा."

ते थांबले. पारावर एक म्हातारी होती, गोजराबाई, बुधाची चुलतबहीण. ती कानाला हात लावून पुढे वाकली.

"बुधा आला होता," खंडेराव म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता. "पोरीला न्यायला. मी म्हणालो, ती यायला नाय म्हणती. ते खोटं होतं. मी तिला सांगितलंच नव्हतं तो आलाय म्हणून. ती नाय म्हणाली नव्हती."

ते पुन्हा खाली बसले तेव्हा कोणीतरी त्यांच्या हाताला धरून आधार दिला. गोजराबाईने शेजारणीला विचारलं, काय म्हणाला, आणि शेजारणीने तिच्या कानात ते मोठ्याने सांगितलं. मग गोजराबाई कोकणीत कुसाबाईला काहीतरी म्हणाली, आणि कुसाबाई तिच्या मांडीत डोकं घालून ओक्साबोक्शी रडली.

ती परत आली नाही. निघताना मंजुषाने तिची पिशवी गाडीतून काढून सोमाच्या घरात ठेवली. पिशवी हलकी होती. इतक्या वर्षांचं सामान एवढंच, हे बघून मंजुषाला पुन्हा धक्का बसला, आणि आपल्याला अजून धक्के बसतात म्हणजे आपण अजून किती कमी बघितलंय, हेही कळलं. परतताना खंडेराव मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. ती त्यांच्याशी बोलली नाही. घाटात त्यांना उलटी झाली तेव्हा तिने गाडी थांबवली, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. ते तिला करावंच लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात मंजुषा वडपाड्याला गेली. सोमाच्या घराला लागून एक नवी खोली झाली होती. खंडेरावांनी नंतर कुसाबाईच्या नावाने बँकेत जे पैसे ठेवले होते, ते तिने शांतपणे घेतले होते. "का नाय घ्यायचं," ती म्हणाली, "माझंच हाय ते." खोलीपुढे तिने झेंडूची रोपं टाकली होती. बोलताना मध्येच तिच्या तोंडात कोकणी शब्द यायला लागले होते, तेही अजून चुकीचे, आणि सोमाची पोरं तिला हसायची.

दोघी दारात बसल्या. मंजुषाला जे विचारायचं होतं ते विचारायला तिला दुपार गेली.

"माझा राग येतो का गं तुला?"

 कुसाबाई रोपांच्या मुळाशी माती ओढत होती.

"येतो," ती म्हणाली. "त्या झबल्याचा येतो. मग तू तापात कशी माझ्या अंगावर झोपायचीस ते आठवतं. दोन्ही येतं, मी काय करू त्याला?" तिने हात झटकले. "येत जा तू. पण येशील तेव्हा आधी निरोप धाडत जा. मी कामाला गेलेली असते."